फेस येणारी बाटली

माणूस कोसळला की घरचे लोक काय काय दिवे लावतात, हे मोठ्या बाईंनी बावीस वर्षं पाहिलं होतं. एक जण तळपाय चोळतो, दुसरा पाणी आणायला धावतो, एखादी वहिनी कपाट उपसून कसल्या तरी गोळ्या शोधते, आणि मामांना फोन लावायला तर तिघं लागतात. छाती दाबायला मात्र कुणी नसतं. "हृदय बंद पडलंय, आणि ह्यांना वाटतं पायाला मुंग्या आल्यात," असं बाई जिना उतरताना ड्रायव्हरला म्हणायच्या, तेही नातेवाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

रुग्णवाहिकेवर त्या सगळ्यांत जुन्या, म्हणून मोठ्या बाई. हाताला यश होतं, पण जिभेला हाड नव्हतं.

अशा बाईंकडे टायवाले डॉक्टर एक खोकं घेऊन आले. आत पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या, प्रत्येकीत एक बाटली आणि एक सिरिंज, वर नुसता नंबर. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत मिठाचं पाणी. कशात काय, हे कुणालाच ठाऊक नाही. हृदय थांबलेला रुग्ण आला की नंबराने पुढची डबी घ्यायची, निवडायची नाही.

"म्हणजे मरणाऱ्याच्या शिरेत मिठाचं पाणी घालायचं आणि त्याला अभ्यास म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आधी स्वतःच्या सासऱ्यांना घाला."

ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, हे औषध आपण वर्षानुवर्षं देतोय. त्याने माणूस वाचतो का, हे मला माहीत असतं तर मी आलोच नसतो."

बाईंना मात्र माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत असायचं.

सोबत एक फॉर्म होता. त्यात एक रकाना: कोसळल्यापासून छाती दाबेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि तोवर जवळचे लोक काय करत होते. हा रकाना बाई चवीने भरायच्या. 'आरडाओरडा.' 'मामांना फोन.' एकदा तर सरळ 'मूर्खपणा' लिहिलं. डॉक्टरांनी तो शब्द सरळ रेघ मारून खोडला.

दुसऱ्या महिन्यात गाडी खड्ड्यातून गेली आणि बाईंना शोध लागला. खोकं हिंदकळलं, तसा काही बाटल्यांत फेस आला, काहींत नाही. पाण्याला कुठला फेस यायला? त्या दिवसापासून प्रत्येक डबी हलवून बघायची, हा बाईंचा शिरस्ता झाला. तरण्याताठ्या माणसाला फेसवाली, ऐंशीच्या आजोबांना पाणी. कुणाच्या जिवाची किती किंमत, ते बाई जिना चढता चढता ठरवायच्या. वर त्यांना वाटायचं, आपण पुण्य करतोय. अडाण्याला समजावता येतं; अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या माणसाचं काय करायचं?

एक फेसवाली त्यांनी घरी आणली आणि कागदावर 'फुटली' म्हणून लिहिलं. त्यांच्या नवऱ्याला आधीच एक झटका येऊन गेला होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. शयनघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर, शालींच्या मागे ती डबी बघून त्याने विचारलं, "हे काय?"

"तुमच्यासाठी राखून ठेवलंय. अस्सल आहे."

"तपासलंय कुणी? मी तर जुळवून बघितल्याशिवाय घड्याळ बरोबर आहे असं म्हणत नाही."

"घड्याळाचं तुम्ही बघा. माणसाचं मला कळतं."

रविवारी सकाळी तो खुर्चीवरून खाली कोसळला, भिंग अजून डोळ्यालाच. बाई शेजारच्या खोलीत वेणी घालत होत्या. त्या आल्या, मानेवर दोन बोटं ठेवली आणि समजल्या. गाडी बोलवा, असं शेजारणीला ओरडून सांगितलं. मग त्या उठल्या आणि कपाटाकडे गेल्या.

शाली खाली पडल्या. डबी सापडली, सुई सापडेना. ती निघाली जुन्या पर्सच्या तळाशी. सील फोडायच्या आधी बाईंनी सवयीने बाटली हलवली. फेस आला. परत येऊन त्यांनी नवऱ्याचा दंड बांधला, पण रक्तच फिरत नव्हतं तर शीर कुठून हाताला लागणार? तिसऱ्यांदा टोचत होत्या, तेव्हा ड्रायव्हर दारातून आत आला. त्याने बाईंना खांद्याने बाजूला सारलं आणि छाती दाबायला लागला. हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

उपयोग झाला नाही. भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि सगळी सेकंदाला बरोबर होती, त्यामुळे वेळेबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

पंधरा दिवसांनी डॉक्टर भेटायला आले. या वेळी टाय नव्हता. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं: फेस, उलटसुलट केलेले नंबर, न फुटलेली बाटली. डॉक्टरांनी पिशवीतून यादी काढून आकडा बघितला.

"तुमच्या गाडीचे सगळे रुग्ण आता वगळावे लागतील," ते म्हणाले. "एकशे बारा. त्यांच्यावरून आपल्याला काहीच कळणार नाही."

"आणि फेसवाल्या बाटलीने माणूस वाचतो?"

"अजून माहीत नाही, बाई."

नवऱ्याचा फॉर्म डॉक्टरांच्या पिशवीत होता. बाईंनी तो मागून घेतला. बाकी सगळं ड्रायव्हरने भरलं होतं, एकच रकाना भिडेपोटी कोरा सोडला होता. बाईंनी चष्मा लावला आणि लिहिलं: 'साडेचार मिनिटं. जवळची व्यक्ती कपाटात औषध शोधत होती.' थोडं थांबून त्यांनी पुढे 'मूर्खपणा' लिहिलं आणि फॉर्म डॉक्टरांकडे दिला.

डॉक्टरांनी तो वाचला. पेन त्यांच्या हातातच होतं, पण त्यांनी काही खोडलं नाही.