शुक्रवारी ऐकू आलेला अल्बम

आमच्या भिवंडीच्या घराची मागची भिंत आणि कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. लूम चालू असताना मागच्या खोलीत बोलायचं तर ओरडावं लागे. शुक्रवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी शेजारच्यांचं खोकणंसुद्धा ऐकू यायचं.

बारावीत नापास झाल्यापासून धाकटी बहीण त्याच खोलीत दार लावून बसे. जेवायला हाक मारली की "भूक न्हाय" एवढंच उत्तर. आई दारापुढे येरझाऱ्या घालायची. तिला कसली भीती वाटते, ते घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी आतून किंकाळी आली. मग दुसरी. तांदूळ निवडणारी आई उठली तशी सूप उलटलं. मी खांद्याने धक्का मारून कडी तोडली.

बहीण पलंगावर उभी होती. कानांना हेडफोन, हातात सीडी प्लेअर, डोळे मिटलेले. ती गात होती. ठाण्याच्या एका मैत्रिणीने तिला इंग्रजी अल्बम सीडीवर उतरवून दिला होता. मनातलं दुःख ओरडून गाण्याच्या त्या प्रकाराला इमो रॉक म्हणतात. आम्हाला पाहून तिने हेडफोन काढला आणि भिंतीकडे बघितलं.

"लूम बंद?"

"शुक्रवार हाय आज," आई म्हणाली.

बहीण वार विसरली होती. रोज दुपारी लूमच्या आवाजात ती अशीच गात होती आणि आम्ही समजत होतो, ती गप्प आहे.

आईने हेडफोन कानाला लावून पाहिला. "याला कोण मारतंय?"

"न्हाय गं. पोरगी सोडून गेली त्याची."

"त्याच्यासाठी एवढं?"

"हां. लाजत न्हाय तो."

मीही ऐकलं. वरच्या पट्टीत गायकाचा आवाज फाटत होता आणि त्याने तो तसाच ठेवला होता. आपण हरलो, एकटे पडलो, हे तो साध्या शब्दांत सांगत होता. धीर मात्र कुठेच देत नव्हता. निकालानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण धीरच देऊन गेला होता.

आई पलंगावर बसली.

"घसा बसल ना मेले तुझा," ती म्हणाली.

बहीण हसली. "जेवायला काय हाय?"

"बोंबलाचं कालवण."

"आण मग."

आईला लगेच उठता येईना. ताट मीच वाढून आणलं.