बोलू नका, मीच सांगतो

"बोलू नका. मीच सांगतो."

गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आलं की मास्तर शिलाई मशीन थांबवायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि आधी त्याच्या चपला बघायचे. मग डोळे मिटून हे वाक्य. वारंगा फाट्यावर तुम्ही कधी पँट अल्टर करायला दिली असेल, तर तुम्हीही ते ऐकलं असणार.

"तुमी कुरुंद्याहून आले. शेतातून थेट."

"न्हाई मास्तर, नांदेडहून आलो. बँकेत असतो मी."

"मग चपला कोणाच्या घातल्या?"

म्हणजे चूक कधीच मास्तरांची नसायची, चपलांची असायची.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे हे सगळं मी रोज फुकटात ऐकायची. खरं सांगते, त्यांचा एकही अंदाज बरोबर आलेला मी ऐकला नाही. आणि मी ते त्यांना तोंडावर सांगायची. माझी जीभच तशी आहे. "मास्तर, तुम्हाला स्वतःची सुई सापडत नाही, चोर कुठून सापडणार?" ते हसायचे आणि खरोखरच सुई शोधायला लागायचे.

हे वेड पुस्तकांचं. मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली कव्हर फाटलेल्या रहस्यकथा, स्टँडवरून आणलेली हिंदी पॉकेटबुकं, लेकरांची कॉमिक्स, सगळं कोंबलेलं. पुढं मोबाईल आला तशा त्यावर गुप्तहेरांच्या मालिका सुरू झाल्या. त्यात एखादा हेर दिसला की मास्तर आधी त्याचे कपडे तपासायचे. "खांदा चुकला बघ ह्याचा. असा कोट घालून खुनी कसा सापडंल?" आणि समस्त हेरजातीबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "ह्यायला बायकाच न्हाईत, म्हणून जमून राहिलं. घरी बायको असती तर म्हणली असती, आधी दळण आणा, मग खुनी पकडा."

शेवटी त्यांनी स्वतःसाठी कोट शिवला. गुडघ्याखाली जाणारा, उभ्या कॉलरचा, आतबाहेर खिसेच खिसे. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. त्या उन्हात हा माणूस कोट घालून चहा प्यायला निघायचा आणि घामानं निथळत परत यायचा. पण कॉलर काही खाली करायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, फाट्यावर डिटेक्टिव्हाला काम काय? असतं. स्थळाची चौकशी. लग्न पक्कं करण्याआधी कोणीतरी मुलाच्या गावी गुपचूप जाऊन यायचं. मुलगा पितो का, शेत खरंच आहे का, सासूचा आवाज किती मोठा आहे, हे सगळं हळूच काढायचं.

मलाही एक स्थळ आलं, वसमत तालुक्यातलं. माझ्या बाबांचं समोरच चहाभज्यांचं हॉटेल. त्यांना पसंत, आईला पसंत, काकांना तर फारच पसंत. त्या लोकांचं म्हणणं एवढंच, की लग्नानंतर मुलीनं दुकान बंद करावं. "त्यात काय एवढं," बाबा म्हणाले. शिकवण्या घेऊन घेऊन मी ते झेरॉक्सचं मशीन आणलं होतं. पण एरवी अख्ख्या फाट्याला ऐकवणारी मी, बाबांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"चौकशी मी करतो," मास्तर म्हणाले आणि कोट झटकला.

हळदीचा व्यापारी बनून ते त्या गावी गेले. मुलाच्या घरच्यांनी पुढ्यात हळद ठेवली. मास्तरांनी एक हळकुंड उचललं आणि कापडाचा पोत बघावा तसं अंगठ्यानं चोळून बघितलं. मुलाचा चुलता म्हणाला, "तुमी वारंग्याचे मास्तर ना? माझी सफारी तुमीच शिवली." मग काय, हेराला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली.

दुपारी परत आले ते थेट माझ्याकडे. कोट काढून मांडीवर घेतला. मी वाट बघत होते, आता डोळे मिटतील. मिटले नाहीत.

"पोरी, आज तू बोल. मी काहीच सांगत न्हाई."

मला रडू आलं. रडतच म्हणाले, "मला दुकान बंद करायचं नाही, मास्तर."

"मग गप काहून बसली इतके दिवस?"

मी ओढणीनं डोळे पुसले.

पुस्तकात शेवटी हेर सगळ्यांना एका खोलीत जमवतो. मास्तरांनी बाबा, आई, काका, सगळ्यांना हॉटेलात जमवलं. मला दारापाशी उभं केलं. कढईत भजी फुगत होती. पुन्हा कोट चढवून मास्तर मधोमध उभे राहिले.

"पोरगं चांगलं. घर चांगलं. जेवण तर लई चांगलं."

"मग अडलं कुठं?" काका म्हणाले.

"तपास अर्धाच झाला. सगळ्यायची चौकशी केली आपण. हिची कोणी केली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या वेळी मात्र मी बोलले. बाबा झारा हातात धरून उभेच राहिले. भजी जळली. मग कढईकडे बघतच म्हणाले, "त्यायला नाही म्हणून कळवतो." मास्तरांशी ते बरेच दिवस धड बोलले नाहीत, पण त्यांचा चहा वेळच्या वेळी पत्र्यापलीकडे जात राहिला.

पुढं माझं लग्न झालं, दुकानासकट झालं. मशीन आता दुसरं आहे, जागा तीच. मास्तरांच्या जागी मात्र मोबाईलची कव्हरं मिळतात. मला त्यांची फार आठवण येते, आणि पत्र्यापलीकडून कोणी कोणाला गप्प करत नाही याचाच त्रास होतो.

शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यात झाली. एसटीनं गेले, जागा नव्हती, उभ्यानं गेले. मास्तर खाटेवर अगदी चिमूटभर उरले होते. मला बघून त्यांनी मान कलती केली आणि खाटेच्या कडेशी माझ्या चपला शोधल्या.

"बोलू नको. मीच सांगतो." आवाज पार बसलेला. "नवऱ्याच्या गाडीवर आलीस."

इतकी वर्षं मी या माणसाची एक चूक सोडली नव्हती. त्या दिवशी म्हणाले, "बराबर, मास्तर."

ते समाधानानं डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात एक डोळा उघडला.

"खोटं बोलून राहिलीस. मुठीतून तिकीट दिसून राहिलं."

मी मूठ उघडली. तिकीट चुरगळून घामानं ओलं झालं होतं.

"बराबर, मास्तर," मी पुन्हा म्हणाले. या खेपेला ते खरं होतं.