चावी हातात, जीप चालू

आमच्या जीपची चावी माझ्या हातात होती, जीपमध्ये कोणीही बसलेलं नव्हतं, आणि जीप चालू होती.

एवढ्यावर ज्यांना हसू आलं त्यांनी खुशाल हसून घ्यावं. मी त्या वेळी कडुलिंबामागे उभा होतो आणि मला अजिबात हसू येत नव्हतं!

गोष्ट लातूरची. भूकंपानंतर आमच्या आईनं स्लॅबखाली झोपणं सोडलं. त्या पहाटे आधी जमिनीतून गुरगुर आली आणि मग घर हललं, हे ती विसरलीच नाही. अंगणात पत्र्याची शेड मारली होती, त्यातच ती राहिली. शेजारपाजारचे एकेक करून घरात परतले, आई परतली नाही. पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली आणि मी माडीवर खोल्या चढवून भाड्यानं दिल्या. (मी मराठीचा मास्तर. जिथे फिजिक्सच्या मास्तरापुढे रांगा लागतात, तिथे मराठीच्या मास्तरानं खोल्याच भाड्यानं द्याव्यात!) उदगीरची, चाकूरची परकी पोरं माझ्या स्लॅबखाली गाढ झोपायची आणि सख्खी आई बाहेर कुडकुडायची. मला त्याची फार लाज वाटे.

शेवटी पाया पडून पडून तिला राजी केलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिचं सामान आत हलवायचं, पाडव्याला पूजा, आणि मग आई कायमची घरात. सगळं ठरलं आणि मध्येच ती जीप आली.

जीप माझ्या मेहुण्याची, अर्धापूरच्या बाळूची. केळीनं भरलेली ट्रॉली चिखलातून ओढता यावी म्हणून त्यानं तिला कुठल्याशा मोठ्या गाडीचा टर्बो बसवून घेतला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या नरड्यात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. त्यासाठी हवा ओढणारं नळकांडं त्यानं बॉनेट कापून सरळ वर काढलं होतं. नवी गाडी घेतल्यावर त्यानं ही माझ्या गळ्यात मारली.

"दाजी, वाघ हाय वाघ!"

वाघ दुसऱ्याच आठवड्यात रडायला लागला. चाकूरच्या रस्त्यावर, टळटळीत दुपारी. लांबपर्यंत माणूस नाही, जनावर नाही. जरा वेग घेतला की एक बारीक हुंदका निघे आणि चढत चढत त्याचा गळा काढून रडण्याचा सूर होई.

"अहो, कुणीतरी रडून राहिलंय," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"वारा आहे."

"वारा न्हाई. मागच्या सीटवरून येतंय."

मी आरसा खाली वळवला. (मागचं बघायची तशी काही गरज नव्हतीच!)

घरी पोचलो तर आई शेडबाहेर बसून तळहात जमिनीला लावून बघत होती. "जमिनीतून आवाज येऊन राहिला रे."

"जमिनीतून नाही, आई. टर्बो गेलाय."

"अगं बाई! कधी गेला?"

"आज दुपारीच."

"आन् मला आता सांगतो? कुणाचा होता?"

तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी गेल्यावर बी दारात रडून राहिलाय. ह्यो हितून जाईस्तोवर मी घरात पाय ठेवणार न्हाई!"

झालं! इतक्या वर्षांची मेहनत एका पंख्यापायी पाण्यात जाणार. मी बाळूला फोन केला. तो ऐन पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी हजर झाला, नांदेडच्या भंगारातून आणलेला दुसरा टर्बो केळीच्या पानांत गुंडाळून.

"मेकॅनिक कशाला, दाजी? चार नट खोलायचे, चार आवळायचे!"

जुना टर्बो काढून आम्ही पोत्यावर ठेवला. आतली पाती दात पडल्यागत तुटलेली होती. वाऱ्याची झुळूकही नव्हती. कावळेसुद्धा गप्प होते. आणि आमच्या देखत त्याचा पंखा हळूच अर्धा वेढा फिरला.

"बाळू, फिरला."

"कोण?"

"तो."

"न्हाई फिरला," बाळू म्हणाला. पण त्यानं पोत्याचं टोक उचलून त्याचं तोंड झाकलं.

दुसरा बसवला. मी चावी फिरवली. काय सांगू, जीप इतकी गुमान सुरू झाली की शेडच्या दारातली आई चक्क हसली! "जा, माझी पेटी आत ने," असंही तिनं सुनंदाला सांगितलं. माझं काळीज सुपाएवढं झालं. मी चावी काढून खाली उतरलो.

जीप थांबली नाही.

उलट तिचा आवाज चढू लागला. ॲक्सिलरेटरवर कुणाचाच पाय नव्हता, तरी चढतच गेला. मागून निळसर पांढरा धूर सुटला आणि अंगण दिसेनासं झालं. आधी तुळस गेली, मग शेड गेली, मग आई. पायाखालची फरशी थरथरायला लागली. स्वयंपाकघरातली भांडी वाजू लागली.

"दाजी, चावी फिरवा!"

"चावी माझ्या हातात आहे!"

बाळूनं माझ्या हाताकडे पाहिलं. जीपकडे पाहिलं. मग केळीच्या ट्रॉल्या ओढणारा तो गडी कंपाउंडवरून उडी मारून गेला आणि मी अंगणातल्या कडुलिंबामागे.

तेवढ्यात माडीवरून आरोळी आली, "भूकंप!" सगळे भावी डॉक्टर जिना उतरून घराबाहेर धावले. त्याच वेळी धुरातून आमची आई, भूकंपापासून स्लॅबखाली न झोपलेली माझी आई, पदर खोचून घराच्या आत धावली! उंबरठ्यावर दोन्ही पार्ट्यांची टक्कर झाली. आई जिंकली.

खिडकीतून तिचा आवाज आला, "अरे, फेफरं आलंय तिला! चप्पल हुंगव!"

मी मास्तर आहे, पण आईनं सांगितलेलं करायची सवय जुनी. पायातली रबरी चप्पल काढली. जीपचं नाक शोधलं, तर बॉनेटमधून वर आलेलं ते नळकांडं! त्याच्यासमोर चप्पल धरली मात्र, कुणीतरी आतून ओढावी तशी ती माझ्या हातातून सुटली आणि नळकांड्याच्या तोंडावर फाटकन चिकटली. जीपनं दोन आचके दिले, अंग झाडलं आणि गप्प झाली. इतकी शांतता पसरली की नळाचा थेंब ऐकू आला.

शेवटी मेकॅनिक अन्वरभाईला आणलं. "मास्टरसाब, पहिला टर्बो मरेला था. तुम्ही त्याच्या जागी दुसरा मेलेला बसवला! त्याचं तेल झिरपून आत गेलं आन् इंजिन डिझेल सोडून तेच पिऊन राहिलं. चावीनं काय होतंय? सांस बंद करना पडता." मग त्यानं चांगला टर्बो घातला आणि तळव्यावर गोल वळ उठलेली चप्पल दोन बोटांत धरून मला परत दिली.

त्या संध्याकाळी आई स्लॅबखाली पाय पसरून बसली होती. मी भीत भीत विचारलं, "भीती नाही वाटत?"

"स्लॅब पडला तर एकदा पडंल. तुझ्या त्या बयेचा काय नेम?"

मला खरंच भरून आलं. आईला आत बघण्यासाठी मी किती दिवस तरसलो होतो! पण पुढच्याच वाक्यात तिनं राखणीला कुणीतरी बाहेर पाहिजे म्हणून मला शेडमध्ये धाडलं.

तेव्हापासून आई घरात झोपते आणि पत्र्याखाली मी, जीपकडे तोंड करून. नवा टर्बो अगदी चिडीचूप आहे, त्याचीच मला जास्त भीती वाटते. जीपची चावी कपाटात असते. उशाशी मी चप्पल ठेवतो.