चष्मेवाल्याचं नवं नाक

चष्मेवाल्याच्या नाकावर, डाव्या बाजूला, फ्रेमचं पॅड टेकतं नेमकं तिथे एक बारीक जखम झाली. त्याने पॅड बदललं. जखम भरेना, तेव्हा मऊ पॅड लावलं, मग फ्रेमच बदलली. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या नाकांवर फ्रेम बसवण्यात गेलेलं; नाक दुखलं की दोष फ्रेमचा, हे त्याच्या लेखी ठरलेलंच. डॉक्टरांपर्यंत तो पोचला तेव्हा जखम कॅन्सरची निघाली, आणि तोवर ती नाकाच्या शेंड्यापर्यंत पसरली होती. शेंडा आणि डावी नाकपुडी काढून टाकावी लागली.

नवं नाक कपाळातून आलं. सर्जनबाईंनी कानातल्या कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, सांगाडा केला आणि कपाळावरची कातडी पट्टीसारखी सोडवून, खाली फिरवून त्यावर शिवली. पट्टीचं मूळ मात्र भुवईपाशी जोडलेलंच ठेवलं, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळणार होतं. नाक आपल्या जागी रुजलं की काही आठवड्यांनी कातडीचा हा पूल कापायचा. तोवर दोन डोळ्यांच्या मधोमध मांसाची जाड दोरी लोंबणार, आणि तिच्यावर काहीही टेकता कामा नये. चष्मासुद्धा.

त्याचा नंबर उणे अकरा.

दुकान खाली, घर वर. बायको दुकान सांभाळायची, तो वरच्या खोलीत बसून राहायचा. खिडकी म्हणजे उजेडाचा ठिपका, बायको म्हणजे साडीचा रंग. सवयीने बोट चष्मा वर सारायला जायचं आणि गरम मांसाला लागायचं. खाली गिऱ्हाईक विचारायचं, "मालक दिसत नाहीत?"

"मालकांनाच काही दिसत नाही सध्या," बायको म्हणायची.

त्याला एकच घोर होता: नाक जगतंय की नाही. आरशात नुसता डाग दिसायचा.

"कसं दिसतंय?"

"कालच्यासारखंच."

"अगं, रंग सांग."

"नाकाच्या रंगाचं आहे. आणखी काय सांगू?"

शेवटी त्याने चाचपडत एक सोय केली. टोपीच्या पुढच्या कडेला तारेने दोन भिंगं टांगली. नाकाची गरज नसलेला चष्मा. टोपी घालून तो आरशासमोर बसला आणि पहिल्यांदाच नाक स्वच्छ पाहिलं. सुजलेलं, ओबडधोबड, पण गुलाबी. बघता बघता खुर्चीतच त्याचा डोळा लागला. टोपी पुढे घसरली, तार पुलावर आडवी बसली.

बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा शेंडा जांभळा पडला होता.

सर्जनबाईंनी शेंड्याला सुई टोचली. रक्त आलं, पण काळसर. त्यांनी काही टाके सैल केले.

"काका, काही टेकवायचं नाही म्हटलं होतं ना?"

"टेकत नव्हतं. माप घेतलं होतं मी."

"जागेपणीचं."

नाकपुडीची कडा बहुतेक जाईल, बाकीचं वाचेल, असं त्या म्हणाल्या. पण पूल आता ठरल्या दिवशी कापता येणार नव्हता. टोपी त्यांनी बायकोच्या पिशवीत टाकली.

पुन्हा तीच खुर्ची. आता तो रोज सकाळी रंग विचारायचा आणि ती दुकानातल्या फ्रेमचे दाखले द्यायची.

"ती मधाच्या रंगाची फ्रेम नाही का, तसं."

"नीट बघितलंस?"

"चष्मा लावून."

"नंबर कधी तपासला होता तुझा?"

"तुम्हीच तपासणार होतात. गिऱ्हाइकं कमी झाली की."

त्याने तिला भिंगांची पेटी वर आणायला लावली. कप्पे चाचपून एकेक भिंग तो तिच्या हातात देत गेला आणि ती तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचत गेली. ओळी त्याला पाठ होत्या. ती अडखळायची थांबल्यावर तो म्हणाला, "आता माझ्याकडे बघ."

ती बराच वेळ बघत राहिली.

"मधाच्या रंगाचं नाहीये."

"मग?"

"वाकडं आहे. शिवण दिसते. एक नाकपुडी मोठी, एक बारीक. कडेला काळं आहे." ती आणखी जवळ वाकली. "शेंडा गुलाबी आहे."

वाकडं म्हणाली, तेव्हा त्याचा विश्वास बसला. पूल कापायला अजून अवकाश होता. तो खुर्चीत मागे रेलला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.