गेटिसबर्गच्या वाटेवरची माणसं

माझ्या एम.फिल.च्या लघुप्रबंधातून एक पान मी स्वतःच्या हातानं काढलं. ते ज्यानं लिहिलं होतं, त्याला मात्र माझ्या मार्गदर्शक सरांनी काढायला लावलं असं सांगितलं. एवढंच आहे. हे लिहून झाल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. किळस आहे ती आहेच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी मुरबाडला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. एम.फिल. झाली की वरच्या वर्गांना शिकवायला मिळणार होतं. विषय घेतला अमेरिकेतल्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई आणि तिथले सेनापती. मुरबाडच्या माणसाला याचं काय पडलंय, असं स्टाफरूममध्ये विचारत. मी काहीतरी भारदस्त सांगायचो. खरं कारण असं, की एका पुस्तकात दक्षिणेच्या सेनापतीचं चित्र होतं. पांढरी दाढी, राखाडी कोट, घोडा. हरलेला, तरी रुबाबदार. मला तो आवडला होता. दक्षिणेकडचे लोक माणसांना गुलाम म्हणून विकायचा हक्क टिकवायला लढत होते, हे मला ठाऊक होतं. ते मी प्रस्तावनेत एका वाक्यात उरकलं होतं.

पुस्तकं इंग्रजी, आणि माझं इंग्रजी लंगडं. म्हणून मी ती सापगावच्या माझ्या मित्राकडे नेऊन द्यायचो. बी.ए.ला शहापुरात आम्ही एका बाकावर होतो. तो बौद्ध कुटुंबातला, पुढं शहापूरलाच एका कचेरीत कारकून झाला. कचेरीतले पाठकोरे कागद घेऊन त्यांवर तो बारीक अक्षरात टिपणं काढायचा. माझ्या लघुप्रबंधाचा निम्मा ऐवज त्या कागदांवरचा आहे. हेही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एका उन्हाळ्यात तो आमच्या शेतावर आला, टोकावड्याच्या अलीकडे. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता, शेतं मोकळी पडलेली. मी त्याला माझा नकाशा दाखवला. तिसऱ्या दिवशी दक्षिणेची फौज उघड्या माळावरून पाऊण मैल चालत समोरच्या टेकाडावर गेली आणि कापली गेली, त्या चालीचा. तो नकाशा बघून बराच वेळ हसत राहिला.

"ही फौज बांधाबांधानं का चाललीय रे?"

"मग काय पीक तुडवत जाईल?"

"अरे शहाण्या, लढाईला चाललेत ते, भाताच्या आवणीला नाय."

खरंच मी ओळी बांधावरून वळवून वळवून नेल्या होत्या. लहानपणापासून शेतातून सरळ चाललोच नव्हतो. त्यानं मला सरळ चालायला लावलं. भर उन्हात, धसकटं तुडवत, पाऊण मैल. तो मागून घड्याळ बघत ओरडायचा. "आता तोफा सुरू. आता बंदुका. मेलास तू. मेलेला चालत नाय, बस खाली."

त्या दिवशी मला ती लढाई कळली. दुपारी आईनं भाकरी आणली. मला ताटलीत वाढली, त्याला पळसाच्या पत्रावळीवर. "पत्रावळीवर चव लागते हो," म्हणाली. का ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्यालाही. "लागते खरी, काकी," तो म्हणाला आणि जेवला. मी भाकरी मोडत राहिलो.

जेवणानंतर त्यानं खिशातून एक कागद काढला. त्या लढाईकडे जाताना दक्षिणेची फौज उत्तरेच्या मुलखातून गेली. तिथं काळी माणसं स्वतंत्र होती, काही तर जन्मापासून. वाटेत फौजेनं त्यांना धरलं. बाया धरल्या, पोरं धरली, आणि गुलाम करून दक्षिणेला हाकलत नेलं. एका पुस्तकाच्या तळटिपेत हे होतं. मी ते वाचलंच नव्हतं. त्यानं दुसऱ्या पुस्तकाशी ताडून एक पान लिहिलं होतं.

"माझं नाव टाकू नको," तो म्हणाला. "पण ही माणसं टाक. एवढा सेनापती रंगवतोयस, तर त्याच्या फौजेनं वाटेत काय केलं ते एक पान येऊ दे."

"टाकतो रे. त्यात काय."

टाकलंही. कच्चा खर्डा घेऊन कल्याणला सरांच्या घरी गेलो. सर मितभाषी, शिस्तीचे. सगळं वाचून त्या पानावर थांबले.

"भाषा तुमची नाही ही."

"मित्राची आहे, सर."

"संदर्भ पक्का आहे. ठेवायचं तर ठेवा. तोंडी परीक्षेत विचारतील, उत्तराची तयारी मात्र करा."

सरांनी काढा म्हटलं नव्हतं. ठेवा म्हटलं होतं. तरी मी म्हणालो, "नको, सर. तो त्यांच्यातला आहे ना, त्याला सगळीकडे तेच दिसतं."

सरांनी चष्मा काढला. "तुम्हाला नाही दिसत?"

"विषय सेनापतींचा आहे, सर."

मुरबाडला परत येताना जीपमध्येच मी ते पान काढून खिशात घातलं. परीक्षक काय म्हणतील ही भीती होती, पण ती थोडी. खरं म्हणजे माझ्या सेनापतीच्या कोटावर तो डाग मला नको होता.

आणि त्याच लघुप्रबंधात बारा पानं मी दुसऱ्याच एकावर खर्च केलीत. त्या सेनापतीच्या हाताखालचा सरदार. ही चाल फसणार हे त्याला दिसत होतं. हल्ला करू का, असं विचारायला माणूस समोर आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्यानं नुसती मान हलवली. त्या मानेवर मी काय काय लिहिलंय. शब्दांचं ओझं, जबाबदारीचा एकांत. परीक्षकांनी त्याची तारीफ केली. आता ती पानं उघडली की शिळ्या अन्नाचा वास यावा तसं होतं. त्या सरदारानं निदान तोंड तरी बंद ठेवलं होतं.

बांधलेली प्रत, सोनेरी अक्षरांची, मी मोठ्या हौसेनं सापगावला नेली. ऋणनिर्देशात 'नकाशे काढण्यास मदत' म्हणून त्याला एक ओळ दिली होती. त्यानं ती वाचली, मग पानं उलटली, मग परत पहिल्यापासून उलटली.

"ती माणसं कुठायत?"

"सरांनी काढायला लावलं रे."

"काय बोलले?"

"म्हणाले, विषयाशी संबंध नाय." इथं थांबता आलं असतं. पण खोटं पक्कं करायला काहीतरी खरं लागतं, आणि माझ्याजवळ एक होतं. "म्हणाले, त्यांना सगळीकडे तेच दिसतं."

माझं वाक्य मी सरांच्या तोंडी घातलं. त्यानं प्रत मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

"चांगला माणूस म्हणत होतास ना रे त्याला."

आमची मैत्री टिकली. मला वरची जागा मिळाली, तर तो पेढे घेऊन आला. मीही सणावाराला जात राहिलो. हे सगळं आठवलं की सर्वांत जास्त शिसारी त्या टिकण्याची येते.

मग काही वर्षांनी त्याची मुलगी बारावी झाली, उत्तम गुणांनी. वाचणारी पोर, बापावर गेलेली. तिला इतिहास घ्यायचा होता, आणि तोही कल्याणला माझ्या सरांच्या हाताखाली. सर तेव्हा विभागप्रमुख होते. मी सापगावला मित्राकडे चहा पीत बसलो असताना विषय निघाला.

"त्या माणसासमोर माझी पोर बसणार नाय," मित्र म्हणाला.

"बाबा, एका पानावरून कुणी असं करतं का?"

"पानाचं नाय. तो बोलला त्याचं."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुमी सांगा ना यांना. तुमी शिकलात त्यांच्याकडं."

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "बाबा म्हणतोय त्यात काहीतरी असेल, गो."

ती शहापूरला वाणिज्य शाखेला गेली. पुढं एका पतसंस्थेत लागली. भेटली की हसून बोलायची. माझ्याकडून इतिहासाची पुस्तकं मागून न्यायची, वेळेवर परत करायची.

सर निवृत्त झाले तेव्हा समारंभात मी भाषण केलं. निष्ठा, सचोटी, असे शब्द वापरले. खाली उतरल्यावर सर म्हणाले, "तुमचा तो नकाशेवाला मित्र काय करतो? ते पान चांगलं होतं. तुम्ही काढायला नको होतं."

त्यांच्या लक्षात होतं. पुढच्या रविवारी मी सापगावला गेलो. मित्र अंगणात बाजेवर बसला होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं. पान मी काढलं, सर ठेवा म्हणाले होते.

त्यानं बाजेची सैल दोरी ओढून बसवली. मग विचारलं, "आणि ते वाक्य?"

"माझंच."

"समाजमंदिरात पोरांना सांगितलंय मी ते. शिकलेली माणसं कशी असतात बघा म्हणून." तो माझ्याकडे बघत नव्हता. "चुकलं नाय म्हणा तसं. माणूस तेवढा चुकला."

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यानं हातानंच थांबवलं.

"मला सांगून काय होणार? माझं एक पान गेलं. तिचं बघ." आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "गो, बाहेर ये. काकाला तुला काय सांगायचंय."

ती हात पुसत आली, पायरीवर बसली. मी सुरुवात केली ती लढाईपासून, सेनापती, तिसरा दिवस. सवयच ती.

"तिकडून नको," मित्र म्हणाला. "कल्याणपासून सांग."

मी कल्याणपासून सांगितलं. झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मी तुमाला बाबांना सांगा म्हटलं, तेव्हा हे सगळं तुमाला माहीत होतं?"

"हो."

ती उठली आणि बापाला म्हणाली, "बाबा, यांची गाडी चुकेल. नाक्यापर्यंत सोडून या." मला इतकी वर्षं ती काका म्हणत आली होती.

"जाईल तो," मित्र म्हणाला. "रस्ता माहीत हाय त्याला."