बधिर ओठांनी शिरूरपर्यंत

माझ्या वरच्या ओठावर उभ्या रेघा आहेत हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. भाचीनं सांगितलं. तेही प्रेमानं, माझ्या तोंडावर मोबाइलचा टॉर्च मारून.

"मावशी, निऱ्या घातल्यासारखं दिसतंय गं."

"मग पदरपण काढू का वर?" मी म्हटलं. ती हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी पक्कं ठरलेलं होतं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण निमोण्यात ब्लाउज शिवायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि पोरगी आमच्याकडं शिरूरला आली. तिचे वडील तिकडं शेती बघतात, ही एमआयडीसीतल्या एका कंपनीत जाते. तिचं लग्न ठरलं होतं आणि कन्यादानाला आईच्या जागी मी, शेजारी आमचे हे, असं बसायचं होतं. तेव्हा फोटो निघणार, मोठे निघणार, म्हणून आधी माझ्या ओठांचा बंदोबस्त करायचा होता.

शिरूरात काही कातडीचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण तिथं मी सुरकुत्या घेऊन गेले असते तर संध्याकाळी मंडईत मेथीची जुडी निवडताना कुणीतरी विचारलंच असतं, "काय म्हणतंय तोंड?" म्हणून दौंड. तिथं पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येतात आणि आम्हाला तिथं कुत्रंसुद्धा ओळखत नाही.

मी हो का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. बहीण गेल्यापासून मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणते. ती गेली तेव्हा बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून, गॅसवरचा चहा उतू जातोय का ते बघत होते. लोक म्हणाले, मोठी खंबीर आहे. खंबीर कसली? दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात तसं काहीतरी झालं होतं आणि ते उतरायचंच राहून गेलं. तसं माझं सगळं चालू असतं. लग्नाकार्यात आजही मला मध्ये बसवतात, मी सासरच्या, माहेरच्या सगळ्यांच्या नकला करते, लोक पोट धरून हसतात. मीही हसते. फक्त ते शेजारच्या घरातून ऐकू यावं तसं ऐकू येतं.

दवाखान्यात आमच्या शेजारी एक आबा बसले होते, मानेवरची चामखीळ काढायला आलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमाला काय झालंय बाई? दिसत तर कायच न्हाई."

"सुरकुत्या आहेत, आबा. मशीननं काढायच्यात."

आबांनी चष्मा कपाळावर सारून माझं तोंड जवळून पाहिलं. मग स्वतःच्या गालांवरून हात फिरवला. "मंग माझ्या समद्या काढल्या तर ऱ्हाईल काय मागं?"

भाची तोंडावर ओढणी धरून हसली. मला आत बोलावलं म्हणून मी सुटले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या तोंडावर माशी बसली तरी घसरली असती. त्यांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, "सिगारेट ओढता?"

"अहो, मी मिश्रीसुद्धा लावत नाही."

"ओठांचा चंबू करायची काही सवय? शिट्टी वगैरे?"

"नकला करते. घरच्यांच्या."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग दोन मार्ग सांगितले. एक जोराचा. त्यात लेसरनं कातडीचा वरचा थर बारीक ठिपक्याठिपक्यांनी जाळायचा. आठवडाभर तोंड लाल, खपल्या, उन्हात पाऊल टाकायचं नाही. आपल्या गव्हाळ रंगावर काळे डाग पडायची भीती, आणि पडले तर जायला काही महिनेही लागतात. पण फरक दिसतो. दुसरा सौम्य. कातडी न फोडता आतून नुसती ऊब द्यायची, चार-पाच वेळा यायचं. फरक थोडाच. "कदाचित फक्त तुम्हालाच जाणवेल."

"मलाच जाणवायचं असेल तर मी चष्मा काढून आरशात बघेन की," मी म्हटलं.

"मावशी, सीरियस हो ना!" भाची म्हणाली. "मॅडम, आम्हाला जोराचाच हवाय."

"आधी मला कळू दे, तुम्हाला कसं दिसायचंय. जुना एखादा फोटो आहे?"

मी पिशवीत हात घालायच्या आत भाचीनं मोबाइल पुढं केला. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं. "छान. साधारण दहा वर्षांपूर्वीचा?"

"हो," भाची म्हणाली.

मी वाकून बघितलं. फोटो माझा नव्हता, माझ्या बहिणीचा होता. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर लावलेला, चंदनाचा हार दिसू नये म्हणून चारी बाजूंनी कापून घेतलेला. आम्ही बहिणी दिसायला इतक्या सारख्या की शाळेत मास्तर तिच्या वाटणीच्या छड्या मला मारायचे. भाची माझ्याकडं बघत नव्हती. टेबलावर कानाच्या डॉक्टरांचा मेणाचा कान ठेवलेला होता, त्याकडं बघत होती.

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. एवढंच कळलं की लग्नात पोरीला शेजारी मी नको होते, फोटोतली हवी होती. मी म्हटलं, "बरी दिसतेय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदम सगळा ओठ नको. आज एका कोपऱ्यात टेस्ट करू, डाग पडतोय का ते काही दिवस बघू, मग कळवा. त्यांनी वरच्या ओठाला आतून बारीक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं ओठ नाहीसा झाला. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, टकटक आवाज झाला, केस जळल्यासारखा वास आला.

"दुखलं?"

मी नाही अशी मान हलवली.

"दोन तास गरम काही घेऊ नका. भाजलं तरी कळणार नाही."

भाचीची गाडी होती. चौफुल्यापर्यंत दोघीही गप्प. ती गप्प होती कारण तिला मी काहीतरी बोलेन असं वाटत होतं, आणि मी गप्प होते कारण ओठ जागेवर नव्हता. चौफुल्याला ती चहा प्यायला थांबली. मी समोर बसून तिचा चहा बघत होते. ती टेबलावर पार ओणवी होऊन मोबाइल चाळत होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "पाठ ताठ कर. पोक काढून बसू नको."

शब्द ओठ न मिटता, दातांच्या फटीतून, चेपून चेपून बाहेर आले.

भाचीनं ग्लास खाली ठेवला.

"परत म्हण."

"काय?"

"तेच. आत्ता बोललीस ते."

मी परत म्हटलं. ती म्हणाली, "आई असं बोलायची."

बोलायचीच. दिवसभर तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. ब्लाउज अंगावर बसवून बघताना बाईला वळवायची, हात वर करायला लावायची, गावातल्या सगळ्या भानगडी ऐकायची आणि सांगायची, पण टाचण्या काही काढायची नाही.

"त्यानंच तर रेघा पडल्या होत्या तिला," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा दुप्पट."

"आईला? आईला एक रेघ नव्हती."

"होत्या गं."

"मावशी, फोटो आहे माझ्याकडं."

"तो स्टुडिओतला आहे. कुणाच्या तरी हळदीच्या घोळक्यातून तिला एकटीला कापून काढलं, मागं निळा पडदा टाकला आणि तोंड धुऊन काढल्यासारखं साफ केलं. फोटोत साडी कसली आहे?"

"गुलाबी."

"आणि तू हळदीला आईची म्हणून नेसणार आहेस ती?"

"हिरवी." ती थांबली. "ती वेगळी आहे."

"काठ बघ."

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. काठावरचे मोर तेच होते, स्टुडिओवाल्यानं नुसता रंग बदलला होता. मग फोटो वर सरकवत ती ओठांवर गेली आणि आणखी मोठा करत राहिली. तिथं काहीच नव्हतं. नुसता गुळगुळीत गुलाबी रंग.

ती म्हणाली, "मी विसरले, मावशी. तिच्याजवळ झोपायचे मी. कशी विसरले?"

इथं तिला जवळ घ्यायला हवं होतं, हे मला आता लिहिताना कळतंय. तेव्हा मी म्हटलं, "खारी घेतेस का?"

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "जोराचा नको. सौम्यपण नको. मी फोन करून सांगते त्यांना. तू असाच ओठ घेऊन बस माझ्या शेजारी."

"अगं, पण मला आता जरा हाव सुटली होती," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू? सुटली होतीच. "लग्न झालं की मी एकटी येईन सौम्यवाला करायला. तेव्हा फोटो माझा नेईन."

"ने." मग गिअर टाकत म्हणाली, "आता बोल काहीतरी. इंजेक्शन उतरायच्या आत."

घरातल्या सगळ्यांच्या नकला मी केल्या आहेत, मेलेल्यांच्यासुद्धा. बहिणीची कधी केली नव्हती. त्या दिवशी करायलाही लागली नाही, नुसतं तोंड उघडायचं होतं.

"हात वर कर. काखेत घट्ट होतंय का?"

"होतंय," भाची स्टेअरिंग धरून म्हणाली.

"रोज वाढतेस का काय गं? मागच्या दिवाळीला तर सैल सोडला होता."

"तूच माप चुकलीस, आई."

"माप न्हाई चुकत माझं. वडे कमी खा."

ती हसत होती आणि एका हातानं डोळे पुसत होती. मी म्हटलं, समोर ट्रॉली आहे, बघ. तेही बहिणीच्याच आवाजात निघालं. पारगावचा पूल गेला, दोन्हीकडं ऊस लागला, आणि मी बोलतच होते. कुणाचा गळा खोल शिवायचा, कुणाच्या बाह्या, कोण उधारीवर शिवून नेते आणि वर नावं ठेवते, कुणाच्या ब्लाउजच्या गुंड्या भर लग्नात तुटल्या.

न्हावऱ्याच्या अलीकडं ओठाला मुंग्या आल्या. गावातून बाहेर पडेपर्यंत ओठ परत आला होता आणि टेस्ट केलेला कोपरा चांगलाच चुरचुरायला लागला होता. भाची म्हणाली, "पुढं? त्या गुंड्यांचं काय झालं?"

मी ओठ आवळून घेतले, मध्ये टाचण्या आहेत असं धरलं आणि शिरूर येईपर्यंत सांगत राहिले.