तळघरातलं गाणं
काथ्याच्या गादीचा ओलसर वास आला की मला एग्मोरचं ते तळघर आठवतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एका बँडच्या पोरांनी तिथल्या भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या होत्या आणि रविवारी दुपारी ती आपली स्वतःची गाणी वाजवायची. माझा भाऊ त्यांच्यात ड्रम वाजवायचा. त्यासाठी त्याने आवडी गावातल्या कारखान्यातली नोकरी सोडली, घर सोडलं, आणि तेव्हापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी मात्र मैत्रिणीकडे जाते असं सांगून प्रत्येक कार्यक्रमाला जायचे. एका रविवारी बाबा चपला घालत म्हणाले, "चल, मीही येतो तुझ्या मैत्रिणीकडे." गाडी त्यांनी मला न विचारताच एग्मोरकडे वळवली. आम्ही तळघरात उतरलो तेव्हा गाणं रंगात आलं होतं. भावाची नजर बाबांवर गेली आणि त्याचे हात थांबले. "एन्नडा आच्चु?" काय झालं म्हणून गिटारवाल्याने वळून विचारलं, आणि सगळे आमच्याकडे बघू लागले. आता बाबा काय बोलतील या धास्तीने मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवला, पोरांमधून वाट काढत पुढे गेले आणि ड्रमसमोर मांडी घालून बसले. "वाजव," ते म्हणाले, "अर्धवट नको सोडूस." भावाचे पहिले काही ठोके चुकलेच. परतताना बाबा इतकंच म्हणाले, "वाळलाय फार. पुढच्या वेळी डबा आणू." ते गाणं आज मला गुणगुणताही येत नाही, पण पोरांच्या गर्दीत बसलेल्या बाबांची ताठ पाठ अजून दिसते.